मानसशास्त्रात एम.ए. करायचंय, पण स्पेशलायझेशन कोणतं घेऊ? (नाशिक)

निफाडची_मुलगी

नमस्कार मंडळी. मी टी.वाय.बी.ए.ला आहे, स्पेशल विषय मानसशास्त्र. घर निफाड तालुक्यात, रोज एस.टी.ने नाशिकला कॉलेजला येते. पुढे एम.ए. करायचं हे नक्की आहे. कोणत्या शाखेत करायचं, तिथे गाडी अडलीय.

वर्गात कुणालाही विचारलं तरी 'क्लिनिकल' हेच उत्तर येतं. का म्हणून विचारलं तर 'त्याला व्हॅल्यू आहे', याच्यापुढे कुणी जात नाही. माझे मामा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत सुपरवायझर आहेत. ते म्हणतात, इंडस्ट्रियल घे, एच.आर.ला लागशील, जिल्हा सोडायला नको. एक मैत्रीण म्हणते समुपदेशन घे, वर सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स कर आणि स्वतःचं सेंटर टाक. वडिलांचा एकच प्रश्न आहे, यात पोट भरतं का? त्यांचं काही चुकत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस लागला की द्राक्षबागेचं काय होतं ते नाशिककरांना सांगायला नको, आणि माझ्या पाठचा भाऊ अजून शिकतोय.

माझं म्हणाल तर मला प्रॅक्टिकल फार आवडतं. बाकीच्यांना जर्नल लिहायचा कंटाळा येतो, मला येत नाही. म्युलर-लायरच्या दृष्टिभ्रमाच्या प्रयोगाला मी घरी आजीलाही प्रयोज्य म्हणून बसवलं होतं. दोन्ही रेघा सारख्या आहेत हे पट्टी लावून दाखवलं तरी तिला एक लांबच दिसत होती, आणि ते बघण्यात आमची सगळी संध्याकाळ गेली. संख्याशास्त्राची मला भीती वाटत नाही.

दुसरी गोष्ट, माझ्या चुलत बहिणीचा मुलगा चौथीत आहे. बोलायला एकदम चुणचुणीत, हिशेब तोंडी करतो, पण वाचायला बसला की अक्षरं जुळत नाहीत. शाळेत 'लक्ष देत नाही' म्हणून मार खातो. मी मानसशास्त्र शिकते म्हणून घरचे सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. त्याला कुठे न्यायचं हे मला सांगता येत नाही आणि त्याचा जीवाला घोर लागतो.

तिसरी, आमच्या भागात माणूस मनानं खचला तरी त्याला कुणी तसं म्हणत नाही. झोप येत नाही, जेवण जात नाही, छातीत धडधडतं, मग सलाईन लावून येतात आणि पुन्हा तेच. या लोकांसाठी काहीतरी करता यावं असं मनापासून वाटतं.

शाखा ठरवायची कशी, नाशिकात राहून हे होईल का, आणि मराठी माध्यमातली मुलगी म्हणून कुठे अडेल का, एवढं कृपया सांगा.

सातपूर_एचआर

तुमच्या मामांचं अर्धं बरोबर आहे. मी औद्योगिक मानसशास्त्रात एम.ए. केलं आणि सातपूर, अंबड दोन्हीकडे नोकरी केली, म्हणून सांगतो.

कारखान्यात मानसशास्त्राचं काम भरपूर आहे. भरतीच्या चाचण्या, मुलाखतीचे प्रश्न नीट बांधणं, तिसऱ्या पाळीत अपघात का वाढतात ते शोधणं, एकाच लाइनवरचे लोक सारखे गैरहजर का राहतात ते बघणं, सुपरवायझरना प्रशिक्षण देणं. ज्याला आकडे आवडतात त्याला हे काम आवडेल. तुम्हाला संख्याशास्त्र जमतं म्हणता, तर ती इथे मोठी ताकद आहे. चाचणी विश्वसनीय आहे का, तिच्यात वरचे गुण मिळवणारा माणूस खरंच कामाला चांगला निघतो का, हे तपासून दाखवणारा माणूस एच.आर.मध्ये क्वचित सापडतो.

पण जाहिरातीत 'मानसशास्त्रज्ञ पाहिजे' असं लिहिलेलं दिसणार नाही. तुमच्याबरोबर रांगेत एम.बी.ए. एच.आर.वाले असतात. कामगार कल्याण अधिकाऱ्याच्या जागेला समाजकार्याची नाहीतर कामगार कल्याणाची पदवी-पदविका मागतात, तिथे आपली एम.ए. चालत नाही. सुरुवातीचं वर्ष हजेरी, पगारपत्रक आणि कँटीनच्या तक्रारी यांतच जातं. त्या काळात मानसशास्त्र जिवंत ठेवायचं तर ते आपणच ठेवायचं. आणि ही शाखा घ्यायची असेल तर कामगार कायदे आणि एक्सेल दोन्ही शिकून घ्या.

पोट भरतं. वडिलांना एवढं नक्की सांगा.

गंगापूररोड_ताई

अगं, तुझी पोस्ट वाचली आणि दुपारच्या दोन अपॉइंटमेंटच्या मध्ये लिहायला बसले. जरा लांबेल, पण सगळं वाच.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, नाशिकचीच. एम.ए. पुण्याला केलं, एम.फिल. रांचीला.

आधी एक मोठा गोंधळ निस्तरू. एम.ए.च्या मार्कशीटवर 'क्लिनिकल' हा गट असला म्हणून कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. ही गोष्ट दुसऱ्या वर्षाच्या शेवटीसुद्धा अनेक मुलांना माहीत नसते आणि मला त्याचा फार त्रास होतो, कारण तोवर पैसे आणि वर्षं दोन्ही गेलेली असतात. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषद करते, जिला सगळे आर.सी.आय. म्हणतात. तिचा कायदा १९९२चा. परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत तुझा क्रमांक असेल तरच ते नाव लावायचं. नोंदणीशिवाय काम केलं तर त्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही लिहिलेलं आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या अशीच आहे: परिषदेने मान्य केलेली अर्हता, नाहीतर एम.ए.वर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., आणि त्यात देखरेखीखाली रुग्णांबरोबर केलेलं काम.

एम.फिल.चं मात्र पुढे काय, हे तुला फॉर्म भरायच्या वेळी बघावं लागेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२च्या नियमांनी एम.फिल. ही पदवीच बंद केली. फक्त क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांना २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदत दिली. परिषदेने आता नवे अभ्यासक्रम आणलेत. त्यात क्लिनिकल सायकॉलॉजीची चार वर्षांची पदवीही आहे. साय.डी., म्हणजे डॉक्टरेट, आहे, एका वर्षाचा प्रोफेशनल डिप्लोमाही आहे. म्हणून कुठल्याही कॉलेजच्या पत्रकावर 'मान्यताप्राप्त' लिहिलंय म्हणून हुरळू नकोस. परिषदेच्या वेबसाइटवर त्या वर्षाची मान्य संस्थांची यादी असते. तीत संस्थेचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि जागा किती, तिन्ही बघ. जागा फार थोड्या असतात, प्रवेश परीक्षा असते, आणि एम.ए.ला साधारण पंचावन्न टक्के लागतात.

आता शाखा ठरवण्याबद्दल. माझं ठाम मत आहे की शाखेच्या नावावरून ठरवू नये. रोज सकाळी कोणत्या माणसांसमोर बसायचंय, आणि तिथे तुझं काम तपासणारं कुणी आहे का, या दोन गोष्टींवर ठरव.

पहिलीबद्दल सांगते. रांचीला कांके इथल्या संस्थेत, १९१८ साली सुरू झालेली आहे ती, आमचा दिवस वॉर्डात सुरू व्हायचा. छिन्नमनस्कतेचा (स्किझोफ्रेनियाचा) त्रास असलेला माणूस तास-तास गप्प बसायचा, त्याच्याजवळ आपणही बसायचं. नातेवाईक थकून गेलेले, त्यांच्याकडून सगळी हकीकत काढायची. लोक नागपुरी बोलायचे, हिंदी बोलायचे, आणि मी मराठी मुलगी कान देऊन ऐकत बसायची. दुपारी चाचण्या. रोर्शाकचे दहा शाईचे डाग दाखवून माणूस काय म्हणतो ते शब्दन् शब्द उतरवायचं, मग संध्याकाळभर त्याचं गुणांकन. यात नाट्य काहीच नाही. मालिकांमध्ये दाखवतात तसं एका संवादात माणूस बरा होत नाही. सुधारणा म्हणजे दोन महिन्यांनी एखादा स्वतःहून दाढी करून येतो. ज्याला त्यात समाधान वाटतं त्यानं क्लिनिकल घ्यावं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आम्ही केस-हिस्ट्रीत 'रुग्ण चिडखोर आहे' असं लिहून नेलं की सर ते वाक्य खोडायचे आणि विचारायचे: कोण म्हणालं? बायको म्हणाली की आई? चिडतो म्हणजे काय करतो? कधीपासून? आधी कसा होता? या प्रश्नांनी आम्ही घडलो. असं रोज तपासणारं माणूस ज्या ठिकाणी मिळेल ती जागा चांगली, मग शाखेचं नाव काहीही असो. प्रवेश घेण्याआधी कॉलेजात जाऊन विचार: इंटर्नशिप कुठे असते, तिथे विद्यार्थ्याबरोबर कोण बसतं, आठवड्यातून किती वेळा केसवर चर्चा होते? उत्तर गुळमुळीत आलं तर पुढच्या कॉलेजात जा.

म्हणूनच तुझ्या मैत्रिणीचा सहा महिन्यांचा कोर्स मला मान्य नाही. व्हिडिओ बघून संज्ञा पाठ होतात. समोरची बाई रडता रडता एकदम शांत झाली तर त्या शांततेत काय करायचं, हे कुणीतरी शेजारी बसून शिकवावं लागतं. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणारा माणूस पहिल्याच आठवड्यात येऊ शकतो. सेंटरची पाटी लावणाऱ्यानं त्याला काय सांगायचं?

औषधांचंही एकदा स्पष्ट असू दे. औषध मानसोपचारतज्ज्ञ देतात, ते एम.बी.बी.एस. करून पुढे मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर. आपण देत नाही. चांगलं काम दोघं मिळून होतं.

तुझ्या भागातल्या शेतकऱ्यांबद्दल तू लिहिलंस ते अगदी खरं आहे. माझ्याकडे दिंडोरी, पिंपळगाव, चांदवडकडून येणारे बहुतेक जण 'डोकं दुखतं', 'अंगात त्राण नाही' असंच सांगत येतात. कर्ज हा शब्द तिसऱ्या भेटीत निघतो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, २०१५-१६चं ते, प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी मानसिक विकार होता असं आढळलं. वेगवेगळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. तुझा निफाड तालुका डोळ्यांपुढे आणून हे आकडे वाच. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६पासून आहे. त्यात मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि मनोसामाजिक कार्यकर्ता अशा जागा असतात, आणि ही मंडळी जिल्हा रुग्णालयातून तालुक्याच्या ठिकाणी जातात. तुला जे काम करावंसं वाटतं त्याची सरकारी वाट ही आहे. आणि तोवर, गावात कुणी फार खचलेलं दिसलं तर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दे. चोवीस तास असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात.

शाळेतली_समुपदेशक

ताईंनी क्लिनिकलचं सगळं सांगितलंय, मी शाळेबद्दल लिहिते. इंदिरानगर भागातल्या एका शाळेत समुपदेशक आहे.

आधी त्या चौथीतल्या बाळाबद्दल, कारण ते थांबू शकत नाही. सर्वात आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग त्याची बुद्धिमत्ता चाचणी आणि वाचन-लेखन-गणिताची चाचणी, दोन्ही व्हायला हव्यात. पहिली क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट घेतात, दुसरी बहुधा विशेष शिक्षक. तू वर्णन केलंस तसं तोंडी हिशेब पक्का आणि वाचन अडलेलं असेल तर अध्ययन अक्षमतेची शक्यता तपासलीच पाहिजे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ती आहे. प्रमाणपत्राचं काम जिल्हा रुग्णालयातून होतं, चौकशी तिथेच कर. पुढे दहावीला त्याला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. आणि मारण्याबद्दल: शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षा करायला बंदी आहे. बहिणीनं मुख्याध्यापकांना हे शांतपणे, पण लेखी कळवावं.

आता शाखेचं. समुपदेशन म्हणजे क्लिनिकल न मिळालेल्यांची शाखा, हा समज मनातून काढून टाक. माझ्यासमोर दिवसभर जी मुलं येतात त्यातल्या बहुतेकांना आजार नसतो. आईवडील वेगळे होताहेत, वर्गात एकटं पाडलंय, दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या आधी पोटात गोळा येतोय, आठवीतल्या मुलीच्या फोनवर कुणीतरी घाणेरडे मेसेज पाठवतंय. यांच्याशी बोलणं हे वेगळं कौशल्य आहे. आणि त्यातलं नेमकं कोणतं मूल ताईंकडे पाठवायचं, हे ओळखता येणं म्हणजे माझ्या कामाचा गाभा.

शाळा पैसे फार देत नाहीत. काही ठिकाणी समुपदेशकाला रिकाम्या तासिकेवर पाठवतात, परीक्षेत पर्यवेक्षण लावतात. तरी परिस्थिती बदलतेय. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे निर्देश दिले आहेत. कोचिंग क्लासही त्यात येतात. कॉलेज रोडला क्लासेसच्या इमारती बघितल्यास तर कळेल की नाशिकात किती जागा निघायला हव्यात.

एका मुद्द्यावर ताईंपेक्षा माझं मत वेगळं आहे. त्या म्हणतात नावावरून ठरवू नये. पण शाळेच्या जाहिरातीत 'समुपदेशन' हा शब्द शोधतात आणि मार्कशीटवर तो नसला तर अर्ज बाजूला पडतो. तेवढं ध्यानात असू दे.

निफाडची_मुलगी

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, खरंच खूप आधार वाटला. बहिणीला डोळे-कान तपासायचं लगेच सांगितलं, जिल्हा रुग्णालयात चौकशीला मी सोबत जाणार आहे.

अजून दोन शंका. घरी पैशाची ओढाताण आहे, म्हणून नोकरी करत घरी बसून एम.ए. केलं तर? मुक्त विद्यापीठ तर आपल्या नाशिकातच आहे, आणि इग्नूतून सायकॉलॉजी केलेल्या ओळखीच्या दोघी आहेत. दुसरं, पुस्तकं सगळी इंग्रजीत आहेत. मी वाचते, समजतंही, पण बोलायची वेळ आली की शब्द सापडत नाहीत.

गंगापूररोड_ताई

दूरशिक्षणाचा रस्ता आता बंद झालाय. जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून मानसशास्त्राला दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं नवे प्रवेश देऊ नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं सगळ्या विद्यापीठांना कळवलं आहे. कारण असं की २०२१ साली संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आणि त्यात मानसशास्त्रज्ञ आले. आरोग्याशी संबंधित काम हातानं करून शिकायचं असतं, घरी बसून नाही, हा त्यामागचा विचार. तुझ्या ओळखीच्या दोघींनी आधी केलं, त्यांची गोष्ट निराळी. आता कुणी एजंट 'आमच्याकडे अजून होतं' म्हणाला तर पैसे देऊ नकोस. खेड्यातल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न झालेल्या मुलींचं यात नुकसान होतं हे मला दिसतं आणि त्याचं वाईटही वाटतं. तरी रुग्णाच्या बाजूनं बघितलं तर मला निर्णय पटतो.

हाच कायदा समुपदेशन करणाऱ्यांनाही लागू होणार आहे. आज समुपदेशकाला परवाना लागत नाही म्हणून ती शाखा सोपी, असं समजून जाऊ नकोस. नोंदणीचे नियम येतील तेव्हा कोर्स नियमित होता का आणि प्रत्यक्ष काम किती केलं, हेच विचारलं जाणार.

इंग्रजीचं मनावर घेऊ नकोस. पुस्तकं इंग्रजीत वाचावीच लागतील, त्याला इलाज नाही. रोज दोन पानं मोठ्यानं वाच, आणि वाचलेलं मराठीत कुणाला तरी समजावून सांग. पण नाशिक जिल्ह्यात काम करायचं तर तुझी मराठी हे सोनं आहे. निफाडचा शेतकरी कसा बोलतो ते मुंबईहून आलेल्या मुलीला शिकायला वर्षं लागतील. सुरगाणा-पेठकडची माणसं कोकणा आदिवासींची कोकणी बोलतात, मालेगाव-सटाण्याकडे अहिराणी. तिथे जाऊन मन लावून ऐकणारं माणूस हवंय.

चाचण्यांच्या बाबतीतही मराठीला इतिहास आहे. बिने-कामत चाचणी कामतांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली, तीही स्वातंत्र्याच्या आधी. लहान मुलांसाठी आपण आजही जी मॅलिन यांची बुद्धिमत्ता चाचणी वापरतो, तिचं काम नागपूरला झालं. पण ही मानकं आता फार जुनी झालीत. चार पिढ्यांपूर्वीच्या मुलांशी आजच्या मुलाची तुलना करून त्याला 'कमी' ठरवणं हा अन्याय आहे. खेड्यातल्या मराठी मुलांसाठी नवी मानकं तयार करायचं काम कुणीतरी हातात घ्यायला हवं. तुला संख्याशास्त्र आवडतं, प्रॅक्टिकल आवडतं, आजीला बसवून संध्याकाळभर तिचं उत्तर का बदलत नाही ते बघत बसतेस. अगं, मानसमापन, म्हणजे अशा चाचण्या बनवणं आणि तपासणं, हीसुद्धा शाखा आहे! तुझ्या पोस्टमध्ये मला सगळ्यात जास्त जीव तिथेच दिसला. एम.ए.ला मानसमापनाचे पेपर मनापासून कर, लघुप्रबंध त्याच विषयावर घे, आणि प्राध्यापकीसाठीच्या सेट-नेट परीक्षांची तयारी सोबत ठेव. महाराष्ट्राची सेट पुणे विद्यापीठच घेतं.

मला विचारशील तर तुझ्यासाठी क्रम असा: नियमित एम.ए., क्लिनिकल किंवा समुपदेशन यांपैकी ज्या विभागात देखरेख चांगली तिथे. त्यानंतर परिषदेच्या मान्य अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा दे. इंडस्ट्रियल वाईट नाही, सातपूरच्या दादांनी छान लिहिलंय, पण तुझी तिन्ही कारणं वाचली तर एकही कारखान्याकडे जात नाही.

सातपूर_एचआर

ताईंशी सहमत. मामांना मी सांगितलं म्हणून सांगा.

देवळाली_ते_देवनार

मी देवळाली कॅम्पची, सध्या मुंबईत एम.ए. करतेय. बाहेर पडायची तयारी असेल तर थोडी माहिती.

देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत अप्लाइड सायकॉलॉजीचं एम.ए. आहे, क्लिनिकल आणि समुपदेशन मिळून. प्रवेश सी.यू.ई.टी. पी.जी. या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून. त्यात फील्डवर्क अभ्यासाइतकंच महत्त्वाचं असतं, म्हणजे ताई म्हणतात ती देखरेख मिळते. मुंबई विद्यापीठाचा अप्लाइड सायकॉलॉजी विभाग कलिन्याला आहे. पुण्याचा विभाग गणेशखिंडीत, आणि तुझी पदवी पुणे विद्यापीठाचीच असल्यामुळे कागदपत्रांची दगदग तिथे सर्वात कमी. आरक्षण, शिष्यवृत्ती, वसतिगृह यांची माहिती प्रवेशाच्या आधीच काढ. उत्पन्नाचा दाखला आणि लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर तहसीलमधून आत्ताच काढून ठेव. फॉर्मच्या शेवटच्या आठवड्यात सेतूत रांग लागते आणि सर्व्हर बंद पडतो.

अजून एक वाट कुणी सांगितली नाही म्हणून लिहिते, मी लष्करी वसाहतीत वाढले त्यामुळे माहीत आहे. सैन्यदलाच्या एस.एस.बी. निवडीत, म्हणजे अधिकारी निवडतात तिथे, मानसशास्त्रज्ञ असतात. चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावणं, एकेका शब्दावर मनात येईल ते वाक्य लिहायला लावणं, प्रसंग देऊन काय कराल ते विचारणं, हे सगळं तेच तपासतात. त्यामागचं संशोधन डी.आर.डी.ओ. या संरक्षण संशोधन संघटनेची दिल्लीतली मानसशास्त्रीय संशोधन संस्था करते. चाचण्यांची आवड असलेल्यानं ती जागा डोळ्यांसमोर ठेवावी.

निफाडची_मुलगी

काल रात्री वडिलांना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी ताईंचं शेतकऱ्यांबद्दलचं पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, दोन वर्षं पुण्याचा खर्च बघू, पण पहिल्या वर्षी वसतिगृह मिळालंच पाहिजे. मी पुण्याचा आणि देवनारचा, दोन्ही फॉर्म भरणार आहे.

ताई, उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्याकडे नुसतं बसून बघायला येऊ का? रुग्णांसमोर नाही, चाचण्यांचं गुणांकन कसं करतात ते शिकायला.

गंगापूररोड_ताई

ये की. रुग्णांची नावं असलेला कागद तुझ्यासमोर येणार नाही, गोपनीयता आपल्याकडे पहिली. जुन्या, नाव काढलेल्या उत्तरपत्रिकांवर गुणांकन शिकवते. खरड छाटणीची कामं उरकली की निरोप धाड, आणि येताना तुझं प्रॅक्टिकलचं जर्नल घेऊन ये.